खुळखुळ्याच्या रानातली शिट्टी

मी एकदा फुलपाखरांसाठी बाग केली आणि त्या बागेपायी होती नव्हती ती फुलपाखरं जाळली.

हे वाक्य नातीला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "आजी, तू तेव्हा लहान होतीस का गं?"

म्हटलं, "नाही बाळा, मुख्याध्यापिका होते."

नवी कोरी मुख्याध्यापिका. खुर्चीवरचं प्लॅस्टिकही अजून काढलं नव्हतं. साडीला चिकटायचं, पण काढवत नव्हतं. भिवंडीत, नारपोलीच्या अंगाला आमची शाळा. दोन्ही बाजूंना लूमचे कारखाने, त्यांची खडखड इतकी सवयीची की वीज जाऊन लूम थांबले की मुलं दचकून वर बघायची. शाळेमागे मैदान आणि मैदानापलीकडे उताराची एक पट्टी. तिथे कुणी कधी काही पेरलं नाही. पावसानंतर खुळखुळा मात्र कमरेएवढा माजायचा. पिवळी फुलं, मग फुगीर शेंगा; शेंगा वाळल्या की आतल्या बिया वाजायच्या. मधेमधे भुरुंडी, टाकळा आणि आसपासच्यांनी फेकलेला कचरा.

नवरात्राच्या सुमाराला तिथे फुलपाखरं उतरायची. काळे पंख, त्यांवर फिक्या निळ्या रेघा आणि ठिपके. थवेच्या थवे. आणि बसायची कुठे, तर फुलं सोडून वाळक्या, मोडक्या काटक्यांवर. लूममधल्या चिंध्या काट्याला अडकाव्यात तशी लोंबत असायची.

मला त्यांची दया आली. त्या वयातली माझी दया म्हणजे मोठं संकट असे. बिचारी काटक्या चोखतायत, म्हटलं, यांना कुणी फुलं देत नाही! त्यातून आमच्या संस्थेचे पदाधिकारी शाळा बघायला येणार होते आणि मला काहीतरी करून दाखवायचं होतं. मी 'फुलपाखरू उद्यान' काढलं.

बारकीबाई आमच्या शिपाई, खारबावकडच्या पाड्यावरून यायच्या. त्यांना खुळखुळा नकोच होता. "काढा बाय, साप हाय त्यात," म्हणाल्या. मग पाड्यावरच्या चार बायका बोलावून सगळं रान मुळासकट उपटलं आणि मधोमध ढीग घातला. संध्याकाळपर्यंत त्या ढिगावर फुलपाखरं आणखीच जमली. काळा ढीग, आणि तो श्वास घेतल्यासारखा हलत होता. वाळत चाललेला खुळखुळाच तर त्यांना हवा असतो. हे तेव्हा माझ्या डोक्यात आलंच नाही. मला एवढंच दिसलं की ढीग उचलायचा राहिलाय आणि पाहुणे उद्या येणार आहेत. मी म्हटलं, पेटवा.

बारकीबाई काडी हातात धरून थांबल्या. "बाय, पाखरां हायत ना त्येच्यात."

मी म्हटलं, "उडून जातील. पंख कशाला दिलेत देवाने?"

काही उडाली.

दुसऱ्या दिवशी त्या राखेवर नर्सरीतला हायब्रीड झेंडू लावला, रान पुन्हा उगवू नये म्हणून कडेने तणनाशक मारलं आणि मधोमध सिमेंटचं एक फुलपाखरू बसवलं. लाल ओठ, लांब पापण्या, गालांवर गुलाबी रंग. ते माझ्यासारखं दिसतं असं पोरं म्हणायची. खोटं नाही, दिसायचं.

चौबळबाई त्या आठवड्यात कबड्डीची टीम घेऊन बाहेरगावी गेल्या होत्या. मी मुद्दाम ती वेळ साधली नव्हती, असं मी पुष्कळ वर्षं सगळ्यांना सांगत आले. साधली होती.

विजया चौबळ, आमच्या पी.टी.च्या बाई. आम्ही दोघी एकाच साली शाळेत लागलो. एकमेकींना अगं-तुगं करायचो, पण शाळेत सगळे त्यांना चौबळबाई म्हणत, म्हणून मीही इथे तेच म्हणते. बुटक्या, गोल, आणि चालायच्या अशा की समोरच्याने आपणहून बाजूला व्हावं. कॉटनची साडी घोट्याच्या वर खोचलेली, खाली पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात मंगळसूत्राच्या शेजारी काळ्या गोफातली पितळी शिट्टी. "एक नवऱ्यासाठी, एक माझ्यासाठी," असं त्या म्हणायच्या आणि कुठली कुणासाठी ते सांगायच्या नाहीत. डब्यात सोड्याची, म्हणजे सुक्या कोळंबीची, खिचडी. स्टाफरूममध्ये डबा उघडला की मी पदर नाकाला लावायची, आणि त्या मुद्दाम माझ्या शेजारी येऊन बसायच्या.

त्यांची शिट्टी ही एक भाषाच होती. एक तुटक फुंकर म्हणजे थांब. दोन म्हणजे रांगेत. लांबलचक म्हणजे खेळ संपला. हीच भाषा त्या रिक्षावाल्यांशी, कुत्र्यांशी आणि एकदा लग्नाच्या वरातीतल्या बँडवाल्यांशीही बोलल्या होत्या. बँड थांबला होता.

फुलपाखरांचं शास्त्र त्यांना फारसं येत नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. निळ्या रेघांच्या फुलपाखरांना त्या 'पट्टेवाले' म्हणत, आणि त्यांच्याबरोबर येणारी साधी काळपट असत त्यांना 'वकील'. ती सगळी केरळातून येतात, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं, कारण त्यांची बहीण केरळात होती. एकदा कॉलेजातले एक प्राध्यापक म्हणाले, "बाई, आपल्याकडची नेमकी कुठून येतात आणि कुठे जातात, हे अजून कुणालाच धड माहीत नाही." त्यावर चौबळबाई म्हणाल्या, "कुणालाच माहीत नाही ना? मग मी म्हणते ते चूक कसं?"

पण एक गोष्ट त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती आणि त्यावर त्या कुणाचंही ऐकून घेत नसत. मैदानावर कवायत चालू असताना फुलपाखरं डोक्यावरून जायची, सगळी एकाच दिशेला. शाळेची इमारत आडवी आली तर ती वळसा घालत नसत. भिंतीला लागून वर चढायची, गच्चीवरून पलीकडे उतरायची आणि पुन्हा तीच दिशा धरायची. चौबळबाई कवायत थांबवायच्या आणि सगळ्या पोरांना माना वर करायला लावायच्या. "बघा गाढवांनो! ह्यांना ना शिट्टी, ना सर, ना बाई. आणि रांग बघा! तुम्हाला वर्गातून संडासापर्यंत सरळ जाता येत नाही." मग आवाज खाली आणून म्हणायच्या, "आणि आज चाललीत ती परत यायची नाहीत. येतील ती ह्यांची पोरं, नाहीतर नातवंडं. रस्ता त्यांना कुणी दाखवलेला नसतो. आपलं काम एवढंच, की रस्ता जागेवर ठेवायचा."

काटक्यांचं गुपितही त्यांनी सातवीच्या वर्गाला सांगून टाकलं होतं. वाळक्या खुळखुळ्यातून नर एक रस शोषून घेतात, त्याचं त्यांच्या अंगात अत्तर होतं, आणि त्या अत्तराशिवाय मादी त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही. एका आईची तक्रार आली. मी चौबळबाईंना केबिनमध्ये बोलावून म्हटलं, "सातवीच्या मुलांना असलं सांगतात का?" त्या म्हणाल्या, "अत्तर लावूनच जायचं असतं हे आत्ताच कळलेलं बरं. तुझ्या शाळेतल्या पोरांच्या घामाचा वास घेतलायस का कधी?" अत्तराची ही गोष्ट मी ऐकली होती, आणि तरी त्या दिवशी काडी लावायला सांगितली. ऐकलेलं कानात ठेवायचं असतं, हे मला तेव्हा कळत नव्हतं. माझ्या कानांत फक्त कुड्या होत्या.

तर चौबळबाई टीम घेऊन परत आल्या. कप जिंकला होता. मुली शाळेत ओरडतच शिरल्या. चौबळबाई कप हातात घेऊन थेट मागे गेल्या आणि पट्टीच्या कडेला उभ्या राहिल्या. झेंडू बघितला. राख बघितली. सिमेंटच्या त्या बाईकडे बघितलं. मी शेजारी उभी, कौतुकाची वाट बघत. हो, कौतुकाची! माझ्या बावळटपणाला इतकी खोली होती.

त्यांनी शिट्टी तोंडात धरली आणि लांबलचक फुंकली. वर्गांना वाटलं शाळा सुटली. दप्तरं घेऊन पोरं मैदानात आली, शिक्षक आले, बारकीबाई आल्या. सगळ्यांच्या समोर चौबळबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मॅडम, फाउल."

तेवढंच. मग दिवाळीच्या सुट्टीपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. सोड्याची खिचडीसुद्धा लांब बसून खाल्ली, आणि मला तो वास आठवायला लागला.

खुळखुळा चिवट असतो. तणनाशकाला न जुमानता दुसऱ्या पावसात तो परत उगवला असता. चौबळबाईंनी भुरुंडीच्या चार काड्या कुठूनशा आणून टोचल्याही होत्या. पण मी जागा साफ केली होती ना! चकचकीत, सपाट. खुळखुळ्याखाली इतकी जागा लपली आहे हे संस्थेच्या सचिवांना तोवर दिसलंच नव्हतं. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. मीटिंगमध्ये ते मला म्हणाले, "मॅडम, जागा काय सुंदर मोकळी करून दिलीत तुम्ही!" आणि ती पट्टी, सोबत अर्धं मैदान, गोदामाला भाड्याने द्यायचा ठराव मांडला.

भिवंडीत तेव्हा गोदामांची लाटच आली होती. काल जिथे भाताची खाचरं होती तिथे आज निळा पत्रा. अख्ख्या देशाला घरबसल्या खोकी पाहिजेत, आणि ती खोकी ठेवायला आमची जमीन. मला गोदामाचा राग नाही. चार पोरांना तिथे ड्युटी लागली, हेही मी पाहिलंय. राग याचा आहे की ज्याला काही लावलेलं नाही ती जागा रिकामी, हे आम्ही सगळ्यांनी इतक्या सहज मान्य केलं. साताऱ्याच्या पठारावर फुलं बघायला गाडी करून जातो, आणि घरामागचं फुललेलं रान पेटवून देतो.

चौबळबाई मीटिंगमध्ये उठून उभ्या राहिल्या. "पोरं पळणार कुठे?"

भाऊसाहेब हसले. "बाई, पोरं आता मोबाइलवर पळतात."

"आणि फुलपाखरं उतरणार कुठे?"

"त्यांच्यासाठी मॅडमनी बसवलंय की एक. तो पुतळा आपण गेटजवळ हलवू, अगदी दर्शनी."

सगळे हसले. मीही हसले. खुर्चीत बसून, दात दाखवून हसले. आज ते आठवलं की स्वतःलाच एक ठेवून द्यावीशी वाटते. पण माझ्या वयात आता हात तेवढा वर जात नाही, आणि गालही पूर्वीइतका जागेवर नाही. चौबळबाईंनी माझ्याकडे पाहिलं. ठरावाला हात वर करायची वेळ आली तेव्हा मी पाण्याचा ग्लास उचलला. हात कामात होता, म्हणून वर झाला नाही आणि खालीही राहिला नाही. ठराव पास झाला.

पुढच्या नवरात्रात फुलपाखरं आली. गोदामाच्या भिंतीला लागून वर चढली, तापलेल्या पत्र्यावरून पलीकडे गेली. उतरायला काही नव्हतं. पलीकडच्या नाल्याच्या काठाला काही बसली. त्या नाल्याचं पाणी डाईंगमुळे एक दिवस जांभळं, एक दिवस हिरवं. त्या ओल्या चिखलाला ती सोंड लावून बसायची आणि बरीचशी तिथेच पडायची. पोरांनी काड्यांनी ढकलून पाहिली, हलली नाहीत.

चौबळबाई मग रस्त्यावर उतरल्या. अक्षरशः. खारबावच्या रस्त्याला सकाळी थंडाव्यात फुलपाखरं अगदी खालून उडत, आणि त्याच वेळी कंटेनर सुटत. एके सकाळी त्या मला घेऊन गेल्या. कुठे चाललोय ते सांगितलं नाही, नाहीतर मी आले नसते. रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि एक तुटक फुंकर मारली. एक कंटेनर करकरून थांबला. मी कडेला, पर्स छातीशी धरून, या बाईला मी ओळखत नाही अशा चेहऱ्याने.

ड्रायव्हर खिडकीतून बाहेर आला. "अम्मा, मरना है क्या?"

"मरने का नहीं, रुकने का! दो मिनिट. ये लोग जाने दो."

"कौन लोग?"

त्यांनी वर बोट केलं. मग गाडीच्या तोंडाशी गेल्या आणि जाळीत अडकलेली फुलपाखरं एकेक करून काढायला लागल्या. ओंजळ भरली. ती त्यांनी त्याच्यासमोर धरली. "ये देख. ये तुमने किया."

तो खाली उतरला. तरुणच होता. ओंजळीकडे बघून म्हणाला, "माताजी, हमारे गाँव में इसको हाथ नहीं लगाते थे. पर हम क्या करें? गेट पे टाइम लिखते हैं. लेट हुआ तो दिनभर बाहर खड़ा रखते हैं."

मागे हॉर्न सुरू झाले. चौबळबाई बाजूला झाल्या. गाडी गेली, पण सुरुवातीला खरंच हळू गेली. मला वाटलं, आता त्या त्याला शिव्या घालतील. त्या म्हणाल्या, "त्याचं काय चुकलं? त्याला कुणीतरी घड्याळ लावून सोडलंय. घड्याळ लावणारा दिसला तर मी अशी शिट्टी फुंकीन ना, लीला, की त्याचे कान फाटतील. पण तो रस्त्यावर येतच नाही." ओंजळ तशीच होती. कुठे ठेवावी ते त्यांना कळेना. शेवटी माझी पर्स उघडली आणि आत ओतली. मी "अगं, अगं" करत राहिले. ती काळी भुकटी त्या पर्सच्या अस्तरातून कधीच गेली नाही. पर्स अजून आहे.

आम्ही दोघी निवृत्त झालो. चौबळबाई भिवंडीतच टेमघरला, चौथ्या मजल्यावर, वर गच्ची. डाईंगवाल्यांचे निळे ड्रम भिवंडीत कुठेही मिळतात. त्यांनी ते अर्धे कापून घेतले, घासून घासून धुतले आणि गच्चीवर खुळखुळा पेरला. बिया बारकीबाईंनी पाड्यावरून आणून दिल्या, वर ऐकवलं, "बाय, साप आला तं माझं नाव न्हाय घ्यायचं." पावसानंतर झाडं वाढली की चौबळबाई त्यातली निम्मी मोडायच्या आणि कपड्यांच्या दोरीवर जुड्या वाळत घालायच्या. बिल्डिंगमधल्या बायका चादरी घेऊन वर यायच्या आणि दोरीवर गवत बघून खाली जायच्या. भांडणं झाली. "गच्ची काय तुमच्या एकटीची आहे?" असं कुणी म्हटलं की चौबळबाई म्हणायच्या, "नाही. माझीसुद्धा नाही."

फुलपाखरं यायची. पूर्वीच्या थव्यांच्या मानाने ती म्हणजे लग्न लागून गेल्यावर मांडवात उरलेली चार माणसं. तरी यायची. मी दर नवरात्रात जायची. आधी फक्त चहा पिऊन येत असे, पुढे ड्रमांना पाणी घालू लागले. माफी मी कधी मागितली नाही. एकदा सुरुवात केली होती, तर त्या म्हणाल्या, "पाणी मुळाशी घाल, पानांवर काय ओततेस?"

गेल्या पावसाळ्यानंतर त्यांचा श्वास फार कमी झाला. दोन शब्दांमध्ये थांबायला लागायचं. तरी बिल्डिंगमधल्या पोरांनी उचलून खुर्चीसकट गच्चीवर ठेवायचं, हा हट्ट. त्या दिवशी मी शेजारी बसले होते. ऊन कोवळं होतं. दोरीवरच्या जुड्यांवर पट्टेवाले आले होते, दोन-चार वकीलही. पंख मिटून, सोंडा काटक्यांना लावून, दुनियेची फिकीर नसल्यासारखे. चौबळबाईंच्या गळ्यात शिट्टी होती. मंगळसूत्र कधीच काढून ठेवलं होतं.

जिन्यात पावलं वाजली. दारात धुराची फवारणी करणारा माणूस, खांद्याला मशीन. डासांसाठी सोसायटीने बोलावलेला. ड्रमांकडे बोट दाखवून म्हणाला, "आजी, खाली व्हा. ह्यात डास होतात, सगळीकडे धूर मारायला सांगितलाय." आणि त्याने मशीनची दोरी ओढली. मशीन गुरगुरलं.

चौबळबाईंनी शिट्टी तोंडाला लावली. गाल फुगले. आवाज आला नाही. नुसती हवा, तीही थोडी. पुन्हा फुंकलं. पुन्हा तेच. मी त्यांना इतक्या वर्षांत संतापलेलं खूप पाहिलं होतं. घाबरलेलं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

मी त्यांच्या गळ्यातून गोफ काढला. शिट्टी ओली होती. आयुष्यात मी शिट्टी वाजवली नव्हती. आमच्या घरात मुलींनी वाजवायची नसे, आणि पुढे मी मुख्याध्यापिका झाले. मी फुंकली. फुर्र असा काहीतरी आवाज निघाला, प्रेशर कुकरची रिंग सैल झाल्यासारखा. तो माणूस थांबला, पण घाबरून नव्हे. त्याला हसू येत होतं. मशीन चालूच होतं. मी चौबळबाईंकडे बघितलं, बरोबर वाजली का म्हणून.

त्यांनी श्वास गोळा केला. डोळे तेच होते, सिमेंटच्या फुलपाखराकडे बघणारे.

"लीला, माझ्याकडे... काय बघतेस? त्याच्याकडे बघून वाजव."